तीन क्विंटलचा रोबोट

मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी वासुदेवरावांच्या दुकानात एक तरुण आला आणि त्याने धान भरायची पत्र्याची कोठी मागितली. इथवर सगळं रीतीला धरून होतं. मग तो म्हणाला, कोठीला हात पाहिजेत.

वासुदेवरावांची मुलगी चंदा त्या वेळी दुसऱ्या एका कोठीच्या आत बसली होती. पत्र्याला रिबीट मारायचं तर बाहेर एक माणूस हातोडी घेऊन आणि आत एक माणूस लोखंडी ठोकळा धरून लागतो. दहाव्या वर्षापासून आतलं माणूस चंदाच होती. पत्र्याच्या दणदणाटात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून बापलेकींनी ठोक्यांची भाषा ठरवली होती. दोन ठोके म्हणजे हो. एक ठोका म्हणजे थांब.

तिने कोठीतून डोकं बाहेर काढलं.

"किती हात?"

तरुण दचकला. कोठीतून असा चेहरा निघेल अशी त्याची तयारी नव्हती. केसांना पत्र्याचा कीस, गालावर काळा पट्टा, आणि डोळे... डोळ्यांबद्दल त्याला पुढे कितीतरी दिवस नेमकं सांगता आलं नाही.

"दोन," तो म्हणाला. "आणि पाय."

"डोकं?"

"तेही लागन."

"मंग कोठी काहून म्हणता? नवरदेव म्हणा ना."

त्याला खोकला आला. वासुदेवरावांनी हसू दाबण्यासाठी बिडी पेटवली.

त्याचं नाव भुपेंद्र. गाव सिहोरा. पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमा काढत होता. सिनेमा २०९० सालचा. तोवर माणसांनी कबड्डी सोडलेली असते आणि यंत्रं खेळत असतात. यंत्रांचा दम तुटत नाही, त्यामुळे सामनेही संपत नाहीत. त्यात एक बाप असतो. त्याच्याशी भांडून मुलगा घर सोडतो, म्हणून बाप भंगारातून एक रोबोट करतो आणि त्यालाच मुलगा समजतो. शेवटी रोबोट कप जिंकतो, आणि बाप मुलाला म्हणायची गोष्ट रोबोटला म्हणतो. चंदाला गोष्ट पटली. घरातल्या माणसाऐवजी वस्तूशी बोलणारा बाप तिला परका नव्हता.

कारण दिवाळीपासून वासुदेवराव कातरीशी बोलत होते. दिवाळीत तुमसरचं एक स्थळ आलं होतं. मुलाने अट घातली, लग्नानंतर हातोडी बंद. चंदाने नाही म्हटलं, चहाच्या कपबशा अजून भरलेल्या असताना. तेव्हापासून वासुदेवरावांना काही सांगायचं असलं की ते हातातली पत्रा कापायची कातरी उचलून त्या कातरीलाच सांगत. "हिले म्हणावं, जेवून घे." चंदा जेवून घेई. ठोके मात्र चालू होते. धंदा थांबवून चालत नाही.

रोबोट आठ दिवसांत तयार झाला. वासुदेवरावांनी आयुष्यात माप क्विंटलमध्येच घेतलं होतं. त्यामुळे रोबोट सहा फुटी न होता तीन क्विंटलचा झाला. सवयीने त्याच्या पोटाला धान काढायचं दार बसलं आणि दाराला बाहेरून कडी. शिवाय आत त्यांनी पसाभर धान टाकलं. भुपेंद्रने कारण विचारलं.

"रिकामी कोठी आमच्या दुकानातून जात नाही," वासुदेवराव म्हणाले. विषय संपला.

रोबोट व्हायचा मान प्रविण नावाच्या पहिलवानाचा होता. तो खांद्यापर्यंत आत गेला आणि अडकला. जवसाचं तेल लावून त्याला बाहेर काढलं. मग सगळ्यांनी ज्या माणसाला कोठीत मावायचा पंधरा वर्षांचा अनुभव होता तिच्याकडे पाहिलं.

शूटिंग धान कापून झालेल्या शेतात, बांधीत, तीन आठवडे चाललं. पौषाचं ऊनही पत्र्याला लागतं, म्हणून भुपेंद्र एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात छत्री धरायचा. छत्री रोबोटावर असायची, स्वतः उन्हात. तो रोबोटाच्या डोळ्यांच्या भोकांशी वाकून विचारायचा.

"गरम होऊन राहिलं का?"

"रोबोटले होत नाही."

"मी रोबोटले नाही विचारून राहिलो."

"...धान टोचते," चंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "हे शूटिंग झाल्यावर... म्हणजे सगळं आटोपल्यावर..."

"काय?"

"दुसरा भाग काढावा म्हणतो."

चंदाने भोकातून पाहिलं. त्याचे कान लाल होते. दिग्दर्शकाला शेवट माहीत असतो, पण सुरुवातीचं वाक्य सापडत नसतं, हे तिने ओळखलं.

गुरुवारी वासुदेवरावांनी कातरीला सांगितलं की रविवारी गोंदियाचे पाहुणे येतील आणि या वेळी उत्तर हो असेल. चंदाने फक्त मधले दिवस मोजले. दोन होते. भुपेंद्रच्याही कानावर ते गेलं. त्या दिवशी त्याने तीन वेळा मोबाईल सुरू न करताच "ॲक्शन" म्हटलं.

शनिवारी शेवटचा प्रसंग होता आणि बापाचं काम करणारे कारध्याचे गुरुजी आलेच नाहीत. दाढ ठणकत होती. भुपेंद्रने वासुदेवरावांना विचारलं. वाक्य एकच होतं, आणि समोर कोठीच होती. ते तयार झाले.

ते रोबोटासमोर उभे राहिले. मोबाईल चालू झाला.

"लेका," वासुदेवराव म्हणाले, "माहं चुकलं."

वाक्य संपलं. ते हलले नाहीत.

"पोरी," ते म्हणाले. हे लिहिलेलं नव्हतं. "तीन महिने झाले, मी कातरीसंग बोलून राहिलो. कातरी काही बोलत नाही, माय. उद्या गोंदियाचे येतीन. तुले विचारायचंच राहिलं." त्यांनी बोटाच्या पेराने रोबोटाच्या छातीवर ठोकलं. "येऊ देऊ?"

आतून एक ठोका आला.

वासुदेवरावांनी तो ऐकला. मग त्यांची नजर छत्रीकडे वळली.

"आन् हा छत्रीवाला?"

आत चंदाची मूठ पत्र्यापासून दोन बोटांवर थांबली. पण जे कोणी विचारलंच नाही त्याला हो म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"काका, मी... म्हणजे माझा विचार असा..."

"मले नको सांगू. तिले सांग."

भुपेंद्रने छत्री खाली ठेवली आणि भोकांशी वाकला.

"चंदा... मले दुसरा भाग नाही काढायचा. तेवढंच तोंडात आलं होतं. मले तू पाहिजे."

"आन् हातोडी?" पत्र्यातून आवाज आला.

"हातोडी तुहीच." तो थांबला. "ठोकळा मी धरतो. आत मी बसतो."

बांधीतला वारा पत्र्यावर घासत गेला. मग दोन ठोके आले, इतके स्वच्छ की प्रविणने शेजारच्या बांधीतून विचारलं, काय झालं.

वासुदेवरावांनी कडी काढली. केसांत धान आणि डोळ्यांत पाणी घेऊन चंदा बाहेर आली. पाण्याचं खापर तिने उन्हावर फोडलं.

"म्हटलं होतं ना," वासुदेवराव भुपेंद्रला म्हणाले, "रिकामी कोठी देत नाही आपण."

"कोठी कुठं चालली, बाबा? दुकान इथंच हाय."

"मी तुह्याशी नाही बोलून राहिलो," ते म्हणाले, आणि मग लक्षात येऊन म्हणाले, "बोलून राहिलो. चाल, जेवून घे."

सोमवारी दुकानात नवी कोठी करायला घेतली. आत भुपेंद्र बसला, गुडघे कानाशी घेऊन. चंदाने बाहेरून हातोडी उचलली आणि विचारलं, जमते का?

आतून एक ठोका आला. ती थांबली.

मग घाईघाईने दुसरा आला.