पहाटे वर येणारे मासे

शनिवारी माशांची टाकी रिकामी करायची, असं सूर्यभानकाकांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं.

सोमवारची सकाळ होती. काकांच्या पुढ्यात वर्तमानपत्राच्या तुकड्यावर एक मेलेला मासा होता. करंगळीएवढा, केशरी शेपटीचा. महिन्याभरातला अकरावा. येत्या रविवारी पंकजाच्या आईचं वर्षश्राद्ध होतं आणि पन्नास माणसं घरी येणार होती.

"बैठकीत दोन-तीन दिवसाला एक मासा मरायलाय, हे बरं दिसत न्हाई," काका म्हणाले. "पाणी उपसू. उरलेले मासे सितारामला देऊ. काच मी घेऊन जातो."

पंकजानं वडिलांकडे पाहिलं. व्यंकटराव भिंतीला टेकून बसले होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. कप खाली ठेवून ते दुकानाला निघून गेले. येलदरी धरणाच्या रस्त्यावर त्यांचं विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं.

पंकजा बारा वर्षांची होती. टाकी तिच्या आईची. सविता शाळेत विज्ञान शिकवायची. तीन फुटांची ती काचेची टाकी तिनं स्वतः लावली होती. तळाला माती, मातीवर धुतलेली वाळू, आणि तिच्यात पाण्याखाली वाढणारी झाडं. दर रविवारी ती वाकड्या टोकाची लांब कात्री घेऊन बसायची आणि वाढलेले शेंडे कापायची. ती गेली तेव्हा व्यंकटरावांनी सगळ्यांना बजावलं, की वर्षश्राद्ध होईपर्यंत तिच्या हातच्या कुठल्याही वस्तूला कुणी हात लावायचा नाही. तिच्या साड्या कपाटात राहिल्या, शाळेच्या वह्या टेबलावर राहिल्या, कात्री खिळ्याला राहिली. साड्या आणि वह्या होत्या तशा राहिल्या. झाडं राहिली नाहीत. ती वाढली. रिबिनीसारखं लांब गवत वरपर्यंत येऊन पाण्यावर आडवं पसरलं. मधली झुडपं एकमेकांत अडकली. वर तरंगणाऱ्या बारीक पानांचा जाड थर झाला. आता टाकीत मासे आहेत हे शोधूनच कळायचं.

त्या दुपारी तिघं जण गच्चीच्या जिन्यात बसले. पंकजा, तिचा आत्येभाऊ शिवप्रसाद आणि शेजारचा माऊली. शिवप्रसाद तेरा वर्षांचा होता. आई सारजाबाईबरोबर तो पालमहून एसटीनं सुट्टीला आला होता आणि आल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीत गुन्हेगार दिसत होता. त्याचा संशय काकांवर होता. काकांना काच पाहिजे, म्हणून ते पाण्यात काहीतरी टाकतात, असं त्याचं म्हणणं.

"काका आठ दिवसांतून एकदा येतात," पंकजा म्हणाली. "मासे दोन-तीन दिवसाला मरायलेत."

माऊलीचे वडील सिताराम धरणात मासे धरायचे. त्यांना विचारू, असं माऊली म्हणाला. तिघं उन्हात चालत त्यांच्या घरी गेले. सिताराम जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकलं आणि एकच गोष्ट विचारली.

"मेलेला मासा कधी सापडतो?"

"सकाळी."

"दुपारी कधीच न्हाई?"

पंकजानं आठवून पाहिलं. दुपारी कधीच नाही.

मग सितारामनी सांगितलं, की गवतानं भरलेल्या तळ्यात असंच होतं. ऊन असतं तोवर गवत पाण्यात हवा सोडतं. अंधार पडला की तेच गवत माशांसारखी हवा ओढून घेतं. गवत जास्त झालं की पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. ते वर येऊन तोंड उघडतात. वर पानांचा थर असला तर तेही धड जमत नाही. "पण तुमच्या टाकीला हवेचा पंप हाय न्हवं?" ते म्हणाले. "तो चालू असला तर एवढे मरायचे न्हाईत. पहाटे उठून बघा."

उन्हाळ्यात घरातले सगळे गच्चीवर झोपायचे. व्यंकटराव तेवढे वर्षभर खालीच, आतल्या खोलीत झोपत. मंगळवारी उजाडायच्या जरा आधी पंकजानं शिवप्रसादला हलवलं आणि दोघं अनवाणी खाली आले.

नऊच्या नऊ मासे वर आले होते. पानांच्या फटीत तोंड खुपसून भराभर ओठ हलवत होते. एक आडवा व्हायला लागला होता. बैठकीत अजिबात आवाज नव्हता. पंप बंद होता.

"लाइट गेली आसंल," शिवप्रसाद कुजबुजला.

फ्रीजचा दिवा लागलेला होता. पंकजानं बटनाला बोट लावलं. बटन वर होतं. कुणीतरी बंद केलेलं. तिनं ते खाली दाबलं, बुडबुडे निघाले, आणि दोघं तिथंच उकिडवे बसून राहिले. अर्ध्या तासानं आडवा झालेला मासा सरळ झाला.

रोज सकाळी सगळे उठायचे तेव्हा पंप चालू असायचा. म्हणजे जो कुणी पंप रात्री बंद करत होता, तोच सकाळी चालू करत होता, आणि कुणाला कळू नये असं त्याला वाटत होतं. उजाडल्यावर माऊली आला, त्याला हे सांगताना शिवप्रसादचे डोळे चमकले. आता संशय त्याच्या स्वतःच्या आईवर होता. "माझी आई सगळ्या घराची बटनं बंद करत फिरते," तो म्हणाला. "पालमला मी अभ्यास करायलो तरी दिवा बंद करते."

"तू अभ्यास करायलास हे तिला खरंच वाटत नसंल," माऊली म्हणाला.

कपड्यांना घालायची नीळ पंकजानं वाटीत घेतली. ती वाळू नये म्हणून तिच्यात थेंबभर गोडं तेल घातलं आणि संध्याकाळी त्याचा पातळ हात पंपाच्या काळ्या बटनावर फिरवला.

पण नुसता चोर धरून भागणार नव्हतं. झाडं कापावीच लागणार होती, आणि तेच अवघड होतं. माऊली घाबरला. गेलेल्या माणसाच्या वस्तूबद्दल मोठ्यांचा शब्द मोडला तर वाईट होतं, असं त्याची आजी सांगायची.

"वाईट व्हायचं ते होऊन गेलंय," पंकजा म्हणाली आणि तिनं खिळ्यावरची कात्री काढली.

व्यंकटराव दुकानात आणि आत्या दुपारच्या झोपेत, एवढाच वेळ त्यांना मिळायचा. एकदम सगळं कापायचं नाही, हे पंकजाला आईचं बघून माहीत होतं. एकदम कापलं तर उरलेली झाडं सडतात आणि पाणी बिघडतं. म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी फक्त वर तरंगणारी पानं ओंजळीनं काढली. बुधवारी रिबिनीची जुनी, पिवळी पानं बुडापासून कापली. गुरुवारी झुडपं. ती उपटायची नाहीत, मुळं हलली की मातीचा गाळ उठतो. मधून खुडायची, आणि चांगले चार शेंडे परत वाळूत खोचायचे. खाली साचलेली घाण ओढायला त्यांनी नळी लावली. शिवप्रसादनं नळी तोंडानं ओढली आणि घोटभर पाणी त्याच्या पोटात गेलं.

"कसं लागलं?" माऊलीनं विचारलं.

"आमच्या शाळेतल्या वरणासारखं."

जेवढं पाणी काढलं तेवढं हंड्यात एक दिवस ठेवलेलं पाणी ते हळूहळू भरायचे. कापलेली झाडं कुठं टाकायची हाही प्रश्न होता. धरणात टाकू नका, ती तिथं माजतील, असं सितारामनी बजावलं होतं. म्हणून ती स्टीलच्या डब्यातून गच्चीवर नेऊन आत्याच्या कुरडयांच्या पलीकडे वाळत घातली. गुरुवारी आत्यानं त्यातलं थोडं उचलून हुंगलं आणि ही हिरवी शेवई कुणी घातली, असं खाली येऊन विचारलं.

निळीचं उत्तर मात्र बुधवारी सकाळीच मिळालं होतं.

सगळे चहाला बसले होते. शिवप्रसादनं आधी आपल्या आईचे हात बघितले. पिठाचे होते. मग त्यानं पंकजाला कोपरानं ढोसलं. व्यंकटराव स्टीलच्या ग्लासातून पाणी पीत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर निळा डाग होता. ग्लासावरही उमटला होता.

पंकजाचा चहा तसाच राहिला. कुणी हात लावायचा नाही, असं सांगणारा माणूस रोज रात्री स्वतः हात लावत होता. अकरा मासे त्या अंगठ्यानं गेले होते. आणि रोज संध्याकाळी तो त्याच टाकीसमोर खुर्ची टाकून तासभर बसत होता.

शिवप्रसादला सगळं लगेच सांगून टाकायचं होतं. पंकजा नको म्हणाली. आपण सांगितलं तर बाबा चिडतील आणि टाकी शनिवारऐवजी आजच जाईल. शिवाय रात्री पंप चालू ठेवायला त्यांना भाग पाडता येणार नव्हतं. पण पंप बंद असतानाही मासे जगतील एवढी टाकी मोकळी करता येत होती. बाबा त्यांना पाहिजे ते करू देत, आपण त्यांना हरवू, असं ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज कडू होता. माऊलीनं त्यावर चेष्टा केली नाही.

गुरुवारी पहाटे मासे वर होते, पण नुसते टेकून. शुक्रवारी पहाटे पंप बंदच होता आणि नऊ मासे टाकीच्या मध्यावर सावकाश फिरत होते. पाण्याच्या वरचा भाग आरशासारखा मोकळा होता.

शनिवारी सूर्यभानकाका दोन बादल्या आणि एक माणूस घेऊन आले. टाकीपुढे येऊन ते थांबले. कितीतरी दिवसांनी टाकीची मागची काच दिसत होती.

"हे कुणी केलं?" ते म्हणाले.

व्यंकटराव आतून आले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या कात्रीकडे. त्यांचा चेहरा बदलला.

"कुणी हात लावला?"

"मी," पंकजा म्हणाली. "चार दिवस झाले कापायलोत. तुमी रोज पुढ्यात बसता, बाबा. अर्धी झाडं गेली. तुमाला दिसलं न्हाई."

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी बादली खाली ठेवली. पंकजा पुढं बोलत राहिली. मासे पहाटेच का मरतात ते तिनं सांगितलं. पंप रोज कुणीतरी बंद करतंय ते सांगितलं. नीळ लावली होती, तेही सांगितलं. नाव घेतलं नाही. व्यंकटरावांनी आपला अंगठा पाहिला. नखाच्या कडेला निळं अजून होतं.

ते खुर्चीवर बसले.

"दवाखान्यात तिच्या उशाला ऑक्सिजनची बाटली होती," ते म्हणाले. "पाण्याची. तिच्यातून बुडबुडे यायचे. नऊ रात्री मी ते ऐकत बसलो. आवाज चालू हाय म्हणजे ती हाय, असं." थोडं थांबून ते म्हणाले, "इथं रात्री तोच आवाज येतो. मग झोप लागत न्हाई. मासे मरतील हे मला माहीत नव्हतं."

"सांगायचं मग कुणाला तरी," पंकजा म्हणाली.

"काय सांगू? मोटारी दुरुस्त करणारा माणूस पंपाच्या आवाजाला भितो म्हणून?"

"हो. तेवढंच."

बादल्या घेऊन आलेल्या माणसाला काकांनी हातानंच जायला सांगितलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि पोरांनी डोकं चालवलं, मोठ्यांना सुचलं नाही ते केलं, असं ते म्हणू लागले. काचेबद्दल ते काही बोलले नाहीत.

रविवारी पन्नासाच्या वर माणसं आली. सूर्यभानकाकांनी प्रत्येकाला टाकीपुढे नेलं आणि निळीची गोष्ट सांगितली. सांगताना त्यात ते स्वतःही पोरांबरोबर होते असं वाटायचं. पाहुण्यांनी शिवप्रसादची पाठ थोपटली. सविताची मैत्रीण शुभदाबाई शाळेतून आल्या होत्या, त्यांनी तिघांना जवळ घेऊन शाबास म्हटलं. सितारामनी टाकी सगळ्या बाजूंनी पाहिली आणि माऊलीला म्हणाले, की काम चांगलं झालंय, आता दर आठवड्याला थोडं थोडं करत राहा, सोडलं की पुन्हा तेच. माऊलीला ते सगळ्या शाबासक्यांपेक्षा मोठं वाटलं.

पंकजाला तसं काही वाटलं नाही. जो तो शाबास म्हणत होता, आणि वर्षभर यातल्या एकानंही टाकीत वाकून पाहिलं नव्हतं. अकरा मासे शाबासकीनं परत येणार नव्हते. आई तर नाहीच.

जेवणं उरकून माणसं गेली. व्यंकटराव टाकीजवळ आले. तिच्या शेजारी खाली बसले. एक झुडूप परत काचेकडे वाकलं होतं, ते दाखवून हे कुठून कापायचं, असं त्यांनी विचारलं. पंकजानं सांगितलं, पानाच्या जरा वरून. त्यांनी तिथून कापलं.

"तुझी आई असती तर तुला शाबास म्हणाली असती," ते म्हणाले.

"आई असती तर आधी तुमाला रागावली असती."

व्यंकटरावांनी कात्री मांडीवर ठेवली.

"लय रागावली असती," ते म्हणाले.