अष्टमीची खाडी

वडगावच्या देवळात दिवेलागणीचं कीर्तन संपलं आणि जया प्रसाद वाटायला उठली. खांबाशी एक परका माणूस बसला होता. त्यानं ओंजळ पुढे केली आणि लगेच मागे घेतली... इंजिनाच्या तेलानं हात काळे झाले होते.

"घ्या की. देव काय हात बघतोय व्हय?"

"देव न्हाय, पण तुम्ही बघतायसा."

जयानं नजर खाली वळवली. साखरफुटाणे मात्र त्या ओंजळीत जरा जास्तच पडले.

तो निपाणीचा परशराम. तंबाखूची लॉरी घेऊन घाट उतरायचा, पोर्तुगीज हद्दीत शिरायचा. तिथं समुद्राच्या तोंडाशी रुंद खाडी. दोन होड्या एकत्र बांधून, वर फळ्या टाकून लॉरी पलीकडे न्यायची. वडगावच्या साड्यांना पलीकडे गिऱ्हाईक होतं, म्हणून तो जयाच्या विणकर वडिलांकडे, यमनाप्पांकडे आला. यमनाप्पांनी मागावरचा धोटा थांबवला नाही.

"त्या खाडीनं माझा थोरला लेक भरमू गिळला. साड्या देणार न्हाय."

तरी प्रत्येक फेरीला परशराम कीर्तनाला यायचा. एके दिवशी त्यानं धीर करून जयाला मागणी घातली. यमनाप्पा एवढंच म्हणाले, "पाण्यावर जाणाऱ्याला लेक देत न्हाय."

देवळाच्या पायरीवर तो जयाला म्हणाला, "लॉरी सोडतो. माग शिकतो."

"ह्या हातांनी? सगळं सूत तुटंल." ती हसली, मग तिनं विचारलं, "ती खाडी... कुणालाच सोडत न्हाय का?"

"तसं न्हाय गं. अमावास्येच्या आगंमागं तिला उधाण येतं. अष्टमीला लई मवाळ असती. मी फेरी तशीच आखतो." मग त्यानं विचारलं, "भरमू अण्णा कधी निघालते?"

जयाच्या तोंडचं पाणी पळालं. अमावास्येला वडगावचे सगळे माग बंद असतात. म्हणून त्याच दिवशी साड्यांच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, आणि दुसऱ्या पहाटे माल निघायचा. वाडवडिलांपासून असंच.

"अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. 

आप्पांना हे सांगायचं कसं? सांगावं तर जुनी जखम उघडणार, न सांगावं तर परशराम दुरावणार. पुढच्या कीर्तनात बुवांनी पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं आख्यान लावलं. यमनाप्पांचे डोळे भरून आले. घरी जाताना वाटेत जयानं सगळं सांगितलं. "तुमची चूक न्हाय आप्पा. आपल्याला मागाची तिथी ठाऊक होती... खाडीची न्हवती."

ते घरी येऊन तडक मागावर बसले. कितीतरी दिवस धोटा थांबला नाही.

अष्टमीच्या सकाळी जया उठली तर घर मुकं होतं. माग थांबला होता. यमनाप्पा जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होते.

शेजारच्या बायाक्कानं दारातूनच टोमणा मारला, "आज कसली हो अमावास्या?"

"आज खाडीला सवड हाय," ते म्हणाले.

लॉरी भरून झाली. यमनाप्पांनी परशरामच्या खांद्यावर हात ठेवला.  "नीट जा. आणि... परत ये. मागावर हिरवी साडी चढवलीया. ती विकायची न्हाय."

 देव्हाऱ्यातल्या वाटीतले साखरफुटाणे जयानं परशरामच्या काळ्या ओंजळीत ओतले.

"एवढे कशाला?"

"अर्धे जाताना खा," ती हळूच म्हणाली. "अर्धे... येताना."