उशाखालचा विळा

बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवंच, हा बनाबाईंचा नेम. त्यांनी सुनेच्या उशाखाली विळा सरकवला तेव्हा जयमालाला हसू आलं. ती काष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पण ओल्या बाळंतपणात सासूशी वाद घालून डोक्याला ताप कोण करून घेणार? "आत्या, फडकं तरी गुंडाळा त्याला," एवढंच म्हणून तिनं कुशीतल्या लेकीला जवळ ओढलं.

खरं तर बाळंतपण जामखेडला, माहेरी व्हायचं. पण नवरा महेंद्र काविळीनं आडवा पडला आणि तिचा पाय निघेना. दुधाचा टेम्पो चालवणारा धडधाकट गडी, पण कुणीतरी दिलेल्या झाडपाल्याच्या पुड्या गुपचूप खात बसला आणि यकृताचं होतं नव्हतं तेही बिघडवून बसला. कावीळ उतरली, पण अंगावर वेगळाच रंग चढू लागला. राखाडी, थोडा तांबूस.

नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून समजावलं होतं, "शरीरातल्या लोहाच्या कोठाराची किल्ली यकृताकडं असते. सूज आली की ते दार लावून घेतं. मग कोठार भरलेलं असूनही रक्त उपाशी राहतं. आणि यकृतच जखमी झालं की दार सताड उघडं, येईल ते लोह आत. यांचं तसं झालंय. लोखंडी भांडी बंद, टॉनिक बंद."

जयमालाला हे पटलं. तिनं लोखंडी कढई माळ्यावर टाकली, भाकरीला मातीचा तवा आणला. तरी पुढचा रिपोर्ट चढाच.

बाळ झाल्यावर कशासाठी तरी ती कढई खाली काढली, तर हातात आली ती कागदासारखी हलकी. उजेडाकडं धरली तर तळातून खिडकीचे गज दिसले. गंजली म्हणावं तर गंजाचा कण नव्हता. त्याच आठवड्यात माजघराचं दार बिजागरीतून निखळलं. खिळ्यांच्या जागी नुसती भोकं होती. बनाबाई म्हणाल्या, "जुनं घर हाय, व्हायचंच." पण बोलताना त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही.

आणि लेक पांढरी पडू लागली. आधी ओठ, मग नखं. गावच्या डॉक्टरांनी टाचेतून रक्त घेऊन तपासलं आणि ते कोड्यात पडले. कावीळ नाही, ताप नाही, मग रक्त जातंय कुठं? नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा, म्हणाले.

त्या दुपारी जयमाला स्वयंपाकघरातून आली, तर महेंद्र पाळण्याशी बसलेला. लेकीची मूठ त्याच्या बोटाभोवती घट्ट.

"जया, हिला धरलं ना, की अंग हलकं हुतं माझं," तो म्हणाला. "लई बरं वाटतं."

लेकीचे ओठ चुन्यासारखे झाले होते. जयमालाच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन आपोआप उचलली गेली आणि आडवी होऊन पाळण्याकडं रोखून राहिली. हात मागं घेतला तरी पिन तिकडंच. शाळेत चुंबक शिकवणारी बाई, पण त्या क्षणी तिला एकच कळलं, की हा माणूस आपल्या पोरीचं रक्त ओढतोय.

"अहो, सोडा तिला."

महेंद्रनं पिन पाहिली. त्याचा चेहरा पडला. "मी नुसता बसलो हुतो गं," तो पुटपुटला. मग बोट सोडवून घेत म्हणाला, "तू हिला घेऊन माहेरी जा. आजच जा."

तिनं उशी उचलली. फडक्यात विळ्याचं पातं तारेएवढं उरलं होतं. उशी तिची होती, कुशीत लेक. महेंद्र बाहेरच्या खोलीत झोपायचा. हे तिच्या मनात आलं, पण तिनं तो विचार झटकला.

आयुष्यात पहिल्यांदा तिनंच मागितलं, "आत्या, लोखंड द्या. मोठं द्या."

बनाबाईंनी ऊस तोडायचा कोयता आणला आणि दुपट्यात लेकीच्या पाठीशी बांधला. "वाटंत सोडू नगंस," एवढंच म्हणाल्या.

एसटीत श्रीगोंदा मागं पडलं तशी लेक गाढ झोपली. ओठांवर रंग आला. जयमालाला रडूच कोसळलं. सुटलो बाई, असं ती मनाशी म्हणत राहिली. मांडीवर लेक मात्र जड होत चालली होती. हात भरून येत होते.

जामखेडला आई, आक्काबाई, दारातच उभी होती. तिनं नात घेतली आणि खाली वाकली.

"किती जड गं! आन रंग बघ, बापाचा घेतलाय पोरीनं."

जयमालानं दुपटं सोडलं. आतून लाकडी मूठ घरंगळली. नुसती मूठ.

लेकीचा चेहरा राखाडी होता, थोडा तांबूस.

"भुकेली आसंल, पाज तिला," आक्काबाई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

जयमालानं तिला पदराखाली घेतलं. बांगडीतली पिन वळली आणि लेकीच्या टाळूवर टेकली.

फोन वाजला. महेंद्र होता. "पोचलीस का? आगं, तू गेल्यापास्नं अंग पुन्हा जड झालंय बघ."

कोठार भरलेलं असूनही रक्त उपाशी, हे डॉक्टरांचं बोलणं तिला आता आठवलं. दूध कधीच संपलं होतं, तरी लेक तोंड सोडत नव्हती. फोन धरलेल्या हाताची नखं पांढरी पडत चालली होती.