उसन्या मतांचा माणूस

डिसेंबरातलं झाशीचं ऊन फार भाव खातं. दुपारी स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्याची एकच पट्टी पडते, आणि ती माझी असते. त्या दिवशी मात्र तिथे एकजण डबा उघडून बसला होता.

"भाईसाहब, थोड़ा खिसकिए."

तो सरकला. मग ऊन सरकलं, म्हणून मी सरकले... मग पुन्हा तो. पहिला क्वार्टर संपेपर्यंत आम्ही दोघं बसल्या बसल्या अर्धी पायरी पार केली होती.

समोर आमच्या कॉलेजच्या मुली हॉकी खेळत होत्या. मी कॉलेज सोडून केव्हाच बँकेत चिकटले, पण त्यांची मॅच सहसा सोडत नाही. आणि मॅच बघताना मला गप्प बसता येत नाही.

"अगं, पास दे ना! एकटीच काय निघालीस, वरात आहे का तुझी?" मी ओरडले. झाशीत मराठीतून ओरडायची ही सोय आहे, कुणाला कळत नाही.

शेजारचा खुदकन हसला.

"तुम्ही... मराठी?"

"हो जी. कौशिक. समजतं सगळं, बोलताना जरा गडबड होते. मोठ गावातून इथे बदली झाली, पाण्याच्या खात्यात. ऑफिस मागेच आहे. इथे फक्त धूप खायला येतो."

"आणि मॅच?"

"मॅच पण... चालू असते, हां."

मी कपाळावर हात मारला. पण त्याने पुढे केलेली तूप-गुळाची पोळी घेतली. हसताना तो आधी डोळे मिटून घेतो, हे मी त्याच दिवशी टिपून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू!

आता एक गोष्ट सांगायला हवी. इथल्या एका हिंदी पेपरात दर रविवारी 'दर्शक-दीर्घा' नावाचं खेळांवरचं सदर येतं. खाली कुणाचं नाव नसतं. ते मी लिहिते. सुरुवातीला नावानिशी लिहायचे, तर वाचकांनी प्रेमळ सल्ला दिला — मॅडम, लोणच्यावर लिहा. तेव्हा नाव काढून टाकलं आणि मतं ठेवली.

पुढच्या भेटीत कौशिक ताठ बसून म्हणाला, "माझ्या मते क्रिकेटमध्ये इम्पॅक्ट प्लेअर आल्यापासून ऑलराउंडर म्हणजे लग्नातला फूफा झालाय. मान सगळे देतात, काम कुणी सांगत नाही."

मी चमकले. तो फूफा, तो आत्याचा नवरा, माझ्या सदरातला होता!

"आणि कबड्डीच्या लिलावाचं काय?" मी खोडी काढली.

"रेडरवर पैसा बरसतो. त्याला पकडून ठेवणाऱ्याच्या नशिबी फक्त खरचटलेले गुडघे."

हेही माझंच, मागच्या रविवारचं, अगदी शब्दन् शब्द, फक्त मराठीत उतरवलेलं.

आधी गुदगुल्या झाल्या. आपल्याशी बोलता यावं म्हणून कुणी पाठांतर करतंय, हे कुणाला आवडणार नाही? पण हळूहळू मला एकटं वाटायला लागलं. आजवर मला भेटलेली मुलं दोनच प्रकारची. एक, मला फुटबॉलमधला ऑफसाइड समजावून सांगणारी. दुसरी, नुसती मान डोलावणारी. मला हवा होता शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा, आणि वेळ आली तर "चुकतेयस" म्हणणारा. कौशिक मला आवडायला लागला होता, फारच आवडायला लागला होता... आणि त्याच्याशी बोलताना मी स्वतःशीच बोलत होते. अशा माणसाच्या प्रेमात पडायचं तरी कसं?

सेमीफायनलच्या दिवशी मामेबहिणीच्या साखरपुड्यासाठी मला बरुआसागरला जावं लागलं. परतीच्या बसमध्ये स्कोअर कळला. चार-तीनने जिंकलो होतो, पण तीन गोल खाल्ले म्हणजे काय? तिथेच मोबाईलवर लिहून टाकलं: फायनलला गोलकीपर बदला, दीप्तीला बसवा.

फायनलच्या रविवारी कौशिक आला तोच तणतणत, हातात पेपरची गुंडाळी.

"वाचलंत? हा दर्शक-दीर्घावाला! बिलकुल गलत!"

माझ्या हातातली मूंगफली हातातच राहिली. "गलत काय त्यात? तीन गोल खाल्ले दीप्तीने."

"तुम्ही होता का? नव्हता. हाही नव्हता, शर्त लावतो. याने स्कोअर पाहिला, मॅच नाही पाहिली."

मला झोंबलं. "तुम्हाला हॉकीतलं काय कळतं हो?"

"काहीच नाही. बॉल कुठे जातो ते मला दिसतच नाही. म्हणून मी नुसता दीप्तीकडे बघत बसलो. तीनही वेळा तिच्या अंगावर दोघी-दोघी धावून आल्या, अन् आपली एक पण मदतीला नाही. बाकी किती अडवले, ते लिहिलंय यात? गोल झाल्यावर सगळ्या माना घालून उभ्या. हीच एक टाळ्या वाजवून त्यांना जागं करत होती. आणि हा म्हणतो, तिला बसवा! भेटू दे मला एकदा..."

"भेटला तर?"

"तोंडावर सांगेन."

"मग सांगा. ते सदर मी लिहिते."

कौशिकने पेपर झटकन पाठीमागे लपवला.

"म्हणजे... तो फूफा?"

"माझा."

"गुडघे?"

"माझेच."

"हे भगवान! मी तुमचीच मतं तुम्हाला..." त्याचे कान लालबुंद झाले.

"मग आता मत बदलता?" मी विचारलं. एक 'हो जी' आला असता, की संपलंच होतं सगळं.

त्याने चपलांकडे पाहिलं. मग गोलपोस्टकडे, जिथे दीप्ती पॅड बांधत होती.

"नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही चुकलात, अनुया. रागवायचं तर रागवा."

राग कसला! मला तिथेच नाचावंसं वाटलं. "चुकले," मी म्हटलं, "आधी तिला सांगून येते." आणि धावत खाली जाळीपाशी गेले. दीप्तीने माझी माफी ऐकून घेतली आणि हसतच सुटली.

"दीदी, वो कॉलम हम तो पढ़ते ही नहीं. कोच सर भी नहीं."

माझा सगळा तोरा जाळीपाशीच गळून पडला. वर आले तर कौशिक सावलीत सरकून बसला होता, ऊन माझ्यासाठी सोडून.

"अजून एक मत आहे," तो म्हणाला. "कुठल्या पेपरातलं नाही."

"बोला ना..."

"तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून. ते पाठांतर पण त्याच्यासाठीच होतं."

"मला तुम्ही तेव्हापासूनच आवडता. पण भीती वाटायची, की जन्मभर माझंच मला ऐकवाल. आज भांडलात, आणि जीव भांड्यात पडला माझा."

तो डोळे मिटून हसला. खाली शिट्टी वाजली.

शेवटची मिनिटं, एक-एक बरोबरी, आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर. चेंडू सणसणत आला, दीप्तीने अंग झोकून दिलं, आणि तो तिच्या पॅडला लागून बाहेर गेला! सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. कौशिकने ओरडता ओरडता माझा हात घट्ट धरला. गोल वाचला की हात सोडायचा असतो, हा नियम त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हता. मीही सांगितला नाही.