श्राउड म्हणजे कापड

कंदील जरा बारीक करा. ही गोष्ट मला नाथाजी मास्तरांनी स्वतः सांगितली, आणि मास्तर खोटं बोलणारे नव्हते. आयुष्यात एकदाच बोलले, त्याचीच ही गोष्ट.

चव्वेचाळीस साल, कार्तिक महिना. मास्तर एक इंग्रजी शब्द बघायला सायकलवरून कोरेगावला निघाले होते. अंबूबाईचा एकुलता एक हंबीरराव इटलीच्या लढाईवर गेलेला, त्याच्या साहेबाचं पत्र आलं होतं. “एक शब्द अडलाय, बघून सांगतो,” असं मास्तर तिला म्हणाले. खरं तर बाकीचं पत्र त्यांना लागलं होतं. हंबीरराव गेला होता. पण त्या विधवा बाईसमोर त्यांची जीभ रेटेना.

हायस्कुलातल्या जाड कोशात शब्द सापडला. श्राउड, म्हणजे प्रेतावर घालायचं कापड. तेवढंही आम्हाला मिळालं नाही, असं साहेबानं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात शब्दाचं मूळ होतं: फार पूर्वी त्याचा अर्थ नुसता अंगावरचा कपडा. मास्तरांना पळवाट मिळाली.

“हंबीररावाला अंगावर घालायला कापड मिळालं न्हाई, असं लिवलंय,” ते तिला म्हणाले.

“आगं बया. थंडीत कुडकुडत आसंल की लेकरू.”

दुसऱ्या दिवशी तिनं पांढरं कापड आणलं. जित्या माणसाला नवं वस्त्र देताना लावतात तसं कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. गेलेल्याला कोरंच घालतात.

“आवं मास्तर, तेवढं टपालानं धाडा.”

धाडणार कुठं? मास्तरांनी ते ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. घरात ते एकटेच; बायको जाऊन सात वर्षं झालेली.

वद्य दशमीची रात्र. बारा वाजून गेले होते. कडी वाजली.

“मास्तर...”

आवाज ओळखीचा.

“आईनं कापड दिलंय न्हवं?”

मास्तर उठले नाहीत.

“द्या की... लय गारठलोय...”

मग काहीच नाही. कुत्रंही नाही... इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, मास्तर म्हणायचे. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. पोराला दारात उभं ठेवलं, त्याची.

उजाडलं. कुलूप शाबूत. आत कापड नव्हतं. तळाशी एवढासा तुकडा, सरळ फाडलेला. कुंकवाचा कोपरा तेवढा मागं ठेवलेला.

तो तळहातावर घेऊन मास्तर अंबूबाईच्या दारात उभे राहिले. तिनं बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

“तवाच सांगायचं हुतं, मास्तर,” ती म्हणाली. तुकडा उचलून तिनं मुठीत धरला. “गार हाय.”

ती दिवसभर उंबऱ्यावर उन्हात बसून होती. मूठ सोडली नाही. संध्याकाळी मास्तरांनी हात लावून पाहिला... तुकडा गारच होता.