उंबऱ्याशी चार बोटं

सरका जवळ, मायबाप. टाळ जरा खाली ठेवा नि दिव्याची वात वर करा. एका दाराची गोष्ट सांगतो. ऐकताना मागं वळून बघावंसं वाटेल, बघू नका.

वसमतजवळच्या एका गावात किसनराव, फौजेतले निवृत्त हवालदार, परवान्याची बंदूक मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. नळी दाराकडे. जो उंबरा चढेल त्याला गोळी, असं सकाळपासून बजावत होते.

त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंनी हिंगोलीहून जाईला बोलावलं. जाई खासगी तपासाची कामं करी. सोबत तिचा मामेभाऊ चिन्मय होता. आत नेण्याआधी नर्मदाबाईंनी कडेनंच दाराची भिंत दाखवली.

पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, चपलांच्या रांगेच्या वर, कंबरेएवढ्या उंचीवर लाल पंजा उमटला होता. तिरका. उजव्या हाताचा, चारच बोटांचा. करंगळी नव्हतीच.

"रक्त!" चिन्मय दोन पावलं मागं सरला.

मागच्या दारानं ती तिघं आत गेली.

"करंगळी कुणाला नव्हती, अण्णा?" जाईनं किसनरावांना विचारलं.

"मंजूरला." किसनराव दारावरची नजर न काढता म्हणाले. "काश्मिरात. पलीकडच्या देशाच्या गुप्तहेरांनी एका घरातले दोघं भाऊ सीमेपार नेले, शिकवले, बंदुका देऊन माघारी धाडले. लढाई त्यांची, मरायला ही लेकरं! थोरला मंजूर माझं ऐकून शरण आला, घरी गेला. धाकटा शौकत न्हाई आला. मग टोळीचा सांगावा आला. मंजूरला संपवला, आता हवालदार. त्याच्या गावापर्यंत येऊ." त्यांनी नळी घट्ट धरली. "मेलेल्याचा हात हाय पोरी तो."

चिन्मयला घेऊन जाई अंगणात गेली.

तिथं किसनरावांचा पुतण्या बालाजी होता; त्याचा चुलत्याशी अबोला होता. "भिंत तू रंगवलीस?" जाईनं त्याला विचारलं.

"व्हय. काल दुपारी चुना मारला. गावात सप्ता चालू, न् आमचीच भिंत मळकी? बोलत न्हाई म्हणून काय झालं!"

"पंजा कधी उमटला?"

"संध्याकाळी समदे कीर्तनाला गेलो तवा. जाताना वाटंत शाली विकणाऱ्या एका शालवाल्यानं हवालदारसाहेबांचं घर विचारलं. मी बोट दाखवलं."

"गाव काय म्हणतं तुझ्या चुलत्याला?"

"अण्णाच की."

वाटेकडेला कढईवर हळद शिजवणारा भावसिंग म्हणाला, "शालवाला? भला माणूस. माझी वल्ल्या हळदीची टोपली सुटून राहिली व्हती, त्यानं धरली. मग घाईनं घराकडं गेला. वसमतची जीप निघंल म्हणे."

"उजवा हात पाहिलास?"

"टोपली बघू का हात बघू, ताई?"

"तोच मारेकरी!" चिन्मय ओरडला.

"हळू. आतली बंदूक भरलेली आहे." जाईनं बालाजीच्या कानात काही सांगून त्याला वसमतला पिटाळलं.

ऊन कलल्यावर जाईनं ओली हळद तळव्याला चोळली नि किसनरावांना खिडकीतून बघायला सांगून ताज्या चुन्यावर हात टेकला. पिवळा पंजा डोळ्यांदेखत लाल झाला.

"अगं बाई!" नर्मदाबाई म्हणाल्या. "हळदीत चुना घालून कुंकू असंच करतात की. भीतीपायी सुचलंच न्हाई!"

"म्हणजे रक्त नाही," जाई आत येत म्हणाली. "हळदीचा हात शालवाल्याचा. गाव अण्णा म्हणतं, त्यानं हवालदार म्हणून विचारलं. म्हणजे ओळख पलटणीतली. करंगळी नाही, म्हणजे मंजूर. टोळीनं तुम्हांला घाबरवायला खोटा सांगावा धाडला."

"मग भाऊ गमावल्याचा सूड घ्यायलाच आला असंल!" किसनराव म्हणाले.

"अण्णा, पंजा कुठं आहे? चपलांच्या वर, कंबरेशी, तिरका. एका हातानं भिंत धरून, वाकून माणूस काय करतो?"

नर्मदाबाईंची नजर बाहेरच्या चपलांकडे गेली.

"जोडे काढतो. जीव घ्यायला आलेला दारात जोडे काढत नाही."

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. किसनरावांनी बंदूक उचलली. चिन्मयनं डोळे मिटले. पावलं उंबऱ्याशी थांबली. मग एक बूट निघाल्याचा आवाज आला. मग दुसरा.

नळी हळूहळू खाली गेली.

दारात अनवाणी, पिकल्या दाढीचा माणूस उभा होता. मागे बालाजी.

"हवालदारसाब, कल आप घर पे नहीं थे."

किसनराव उठले. तो चार बोटांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "शौकत?"

मंजूरनं नकारार्थी मान हलवली. धाकटा परतलाच नव्हता. त्या दोघा भावांची आई अजून दारातल्या जोड्यांत एका जोडीपुरती जागा मोकळी ठेवते.

तेव्हा मायबाप, आज घरी गेलात, भिंतीला हात टेकून पायताण काढायला वाकलात, की त्या शौकतची एकवार आठवण ठेवा.