नाहीसे झालेले वेटोळे

ज्याच्या शब्दावर रुग्णांचे प्राण अवलंबून असतात, त्याने आपली चूक कबूल करण्यास केलेला विलंब दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातून वजा होतो.

शोधकासमोर बसलेली संशोधक मुलगी शांत होती. "वॉर्डातल्या जंतूंत मला प्लाझ्मिड सापडलं. गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं वेटोळं. त्याच्या बळावर जंतू औषधाला दाद देत नाहीत. चौकशी समितीनं माझ्याच जंतूंत पुन्हा शोधलं, तर ते नाहीच. परवा मला खोटारडी ठरवून काढतील."

"आणि वॉर्डात?"

"माझा अहवाल रद्द. तेच औषध पुन्हा सुरू केलंय."

शोधकाचा मेव्हणा कुजबुजला, "भावोजी, कोणीतरी जंतू बदलले."

प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या थाळ्या ओतणारी मावशी हात पुसत म्हणाली, "दर आठवड्याला जंतू नव्या थाळीवर घेतात. थाळीत औषध असतं. जंतूंचं उकळलेलं खाद्य मनगटाला सोसेल इतकं निवलं, की मगच मी औषध घालते. महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. आले ती समिती तपासायला यायच्या आदल्या दिवशी. विभागप्रमुख सर म्हणाले, जुन्या थाळ्या फेकून दे."

"फेकल्यात?"

"एक राहिली. झाकण आतून पाण्यानं डबडबलेलं. माझ्या थाळीचं असं होत नाही."

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिले. "त्या महिन्यात थाळ्या मीच केल्या. मावशीसारखं ताटकळत बसायला मला वेळ नाही."

"वॉर्डातून आणलेल्या जंतूंची, गोठवून ठेवलेली पहिली नळी?" शोधकाने विचारले.

"शीतकपाटात. किल्ली माझ्याकडे. समितीनं मागितली नाही."

शोधकाने ती नळी तपासायला मागितली. तिसऱ्या दिवशी समितीसमोर निकाल आला: पहिल्या नळीत वेटोळे होते.

"मग चोर कोण?" मेव्हण्याने विचारले.

"चोरी झालीच नाही. झाकणावरचं पाणी सांगतं, थाळ्या कढत ओतल्या. त्या उष्णतेनं औषध निकामी झालं. औषध नसेल, तर वेटोळं बाळगणं जंतूला निव्वळ ओझं. न बाळगणारे भराभर वाढले, चार आठवड्यांत तेच उरले." तो प्रमुखांकडे वळला. "इथवर चूक होती, सर. पण थाळ्या फेकायला सांगितल्यात, म्हणजे तुम्हाला उमगलं होतं. तरी नळी कुलपात ठेवलीत."

"तीस वर्षांचं नाव गेलं असतं माझं."

"या आठवड्यात वॉर्डातले दोघं गेले," मुलगी म्हणाली. "त्याच औषधावर."

तिने अहवाल उचलला आणि ती वॉर्डाकडे निघाली. उरलेल्यांचे औषध बदलायचे होते.

गेलेल्यांना शांती लाभो. अंथरुणावर असलेल्यांपर्यंत ती मुलगी वेळेत पोहोचो, आणि जो मान खाली घालून बसला आहे, त्यालाही सत्य सोसण्याचे बळ मिळो.